दात गप्प झाला तेव्हा

मी एक पांढरी पेशी. उभ्याउभ्याच बोलते, कारण बसायला मला वेळ नाही. आयुष्य मोजून एक-दोन दिवसांचं, त्यातलं अर्धं इथवर पोचण्यात गेलं.

जन्मले कमरेच्या हाडातल्या मगजात. रक्तात उतरते न उतरते तोच बोलावणं आलं, समोरच्या दातात जंतू शिरलेत. आमच्या बाई कपडे शिवतात. कात्री मांडीवर असते, तरी दोरा तोडतात दातानंच, आणि वीस वर्षं त्याच एका दातानं. शेवटी त्याला चीर गेली. जंतूंना आयतं दार मिळालं.

मुळाच्या टोकाशी एक बारीकशी वाट आहे. तिथून घुसले, तर आत आधीच आमच्यातल्या हजारो जणी. सूज आली की बोट फुगतं, गाल फुगतो. दात फुगणार कुठे? चारी बाजूंनी कडक भिंती. त्या दाबात मधली नस बोंब मारत होती. मी जंतू गिळत सुटले, उरलेल्यांवर माझ्यातलं जहर ओतलं. खरं सांगते, ते नसेवरही सांडलं.

मी यायच्या आधीपासून, चार दिवस बाई गाल धरून मशीन चालवत होत्या. दातांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलेली. आज दुपारी ठणका एकाएकी थांबला. बाई हरखल्या. लेकीला म्हणाल्या, डॉक्टरांना फोन कर, येत नाही म्हणून सांग, सहा शर्ट द्यायचेत.

माझा जीव कासावीस झाला. ठणका थांबला होता कारण नस मेली होती. जंतू जिवंत होते आणि जबड्याकडे निघाले होते.

काजं करत बसलेली लेक उठली. फोनऐवजी तिनं फ्रीजमधलं पाणी आणलं आणि त्या दातावर धरायला सांगितलं.

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "काल जीव जात होता, आज काहीच कळत नाही."

"आणि बाजूच्या दातांना?"

"त्यांना लागतंय की गार."

"मग हाच तेवढा गप्प कसा, आई?"

बाईंनी हातातली शिवण संपवली, सवयीनं दोरा ओठांशी नेला आणि तिथंच थांबल्या. मग कात्रीनं कापला. "उद्या जाऊन येते," म्हणाल्या.

आता माझ्यात त्राण नाही. उद्या दात उघडतील तेव्हा मी पू होऊन बाहेर येईन. नाक मुरडू नका. त्या नसेचं पाप थोडं माझ्याही माथी आहे, पण मी पळाले नाही.