फुकटची तपासणी

धाकटीने बोक्याचे चारही पाय टॉवेलात गुंडाळले आणि त्याचं डोकं काखेत दाबून धरलं. डॉक्टरीणबाईंनी थेंबभर रक्त काढून पट्टीवर सोडलं. ताईच्या मांडीवर नवी मांजरी होती; तिची पट्टी शेजारी आधीच भिजत पडली होती.

"एक रेघ आली तर ठीक. दोन आल्या तर संसर्ग आहे. थोडा वेळ बसा," त्या म्हणाल्या.

मांजरी ताईची. ह्या थोरल्या बहिणीने उतारवयात हौस केली आणि अनाथ जनावरांच्या निवाऱ्यातून हे मूठभर पिल्लू उचलून आणलं. धाकटीने त्याच दिवशी बजावलं होतं, "काही रोग निघाला, तर त्या मांजराने ह्या घरात राहायचं नाही. माझ्या बोक्याला काही झालं तर?" ताईने मुकाट्याने पिल्लू अडगळीच्या खोलीत ठेवलं.

ह्या दवाखान्यात दर कमी होते, आणि दत्तक जनावराबरोबर घरच्या जनावराची तपासणी फुकट. बोक्या आला तो एवढ्याचसाठी. फुकट म्हटलं की धाकटीला घरात चैन पडत नसे.

दुपारचं ऊन दुधी काचेतून गाळून खाली येत होतं. कोपऱ्यातला कुत्रा झोपेत पाय हलवत होता. धाकटीला पेंग आली. आपण, ताई, मांजरं, सगळी कोमट पाण्यात अलगद तरंगतोय असं तिला वाटलं, आणि ते फार बरं वाटलं.

"पाहुणी ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाईंचा आवाज लांबून आला. मग जरा थांबून, "मावशी, ही दुसरी पट्टी बोक्याचीच ना?"

"त्याचीच. त्याला काय धाड भरलीये? पैलवान आहे तो."

पट्टीवर दोन रेघा होत्या.

"घाबरू नका. महिन्याने पुन्हा तपासू. जपलं तर बरीच वर्षं काढतो. पण हा रोग थुंकीतून पसरतो. दोघांना एका ताटलीत खाऊ देऊ नका. वेगळ्या खोलीत ठेवा."

 घरी येईपर्यंत ताई आता बोलेल, मग बोलेल, म्हणून धाकटी कान देऊन चालत होती. ताई आत गेली. बोक्याची टोपली मांडीवर घेऊन धाकटी दाराच्या पायरीवर बसून राहिली. तिला स्वतःच्या जिभेची लाज वाटत होती.

आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. तिने वाकून पाहिलं. ताई धाकटीचं शिलाई मशीन अडगळीच्या खोलीत ढकलत होती.

"अगं, कंबर धरेल तुझी. काय चाललंय?"

"पिल्लू बाहेर राहील. बोक्याला इथे एकट्याला करमायचं नाही," ताई धापा टाकत म्हणाली. "तू शिवत बस इथे. उजेडही बरा आहे."

त्या खोलीला खिडकीच नव्हती. धाकटी उठली, टोपली घेऊन आत गेली आणि मशीनला दुसऱ्या बाजूने हात लावला.