पोटाशी सदतीस अंश

शर्मिलाने डब्याचं झाकण उघडलं आणि आत वाल निघाले. टपोरे, फडक्यात बांधलेले, एकेकाला बोटाच्या पेराएवढा मोड आलेला.

तिचे गाइड दिनानाथ सर वाकून बघत राहिले. "उंदराचा मेंदू म्हणालात ना तुम्ही?" त्यांनी शांतपणे विचारलं. शेजारी मायक्रोस्कोपच्या कंपनीचा आशुतोष टाय सैल करत उभा होता. रंग चमकवून दाखवणारा मायक्रोस्कोप त्याने नेरुळच्या त्या कॉलेजात दोन तासांच्या डेमोसाठी आणला होता. एक वाजता तो खोक्यात भरून टेम्पोने पुण्याला जाणार होता. आता अकरा वाजले होते आणि शर्मिलाच्या हातात वालाचं बिरडं होतं, तेही कच्चं. हसावं की रडावं हे कळायच्या आत तिला हसूच फुटलं.

त्या मेंदूची हकिगत अशी. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, कातडीला लागलेलं, सगळं आधी मेंदूच्या पोटातल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर येतं आणि तिथून वरच्या सालीकडे जातं. वास तेवढा आडवाटेने पोचतो. शर्मिलाला वेड लागलं होतं ते उलट्या वाटेचं. त्या सालीचे थर सहा. सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी थॅलॅमसकडे परत धागे सोडतात, आणि खालून वर येणाऱ्यांपेक्षा हे वरून खाली जाणारे धागे कितीतरी पट जास्त. म्हणजे एक बातमी वर गेली की दहा सूचना खाली. ज्या घरात शर्मिलाच्या चांगुणाबाईंसारखी सासू आहे तिथे हे समजायला पीएचडी लागत नाही, पण विद्यापीठाला ती लागते.

म्हणून तिने रसायनात टिकवलेल्या मेंदूच्या थॅलॅमसमध्ये रंगाचा कण खोचला होता, मोहरीच्या निम्म्याएवढा. हा रंग मेलेल्या धाग्यांवरूनही मुंगीच्या पावलांनी चढत पेशींपर्यंत पोचतो. फक्त त्याला अंधार लागतो, तीन महिने लागतात आणि सदतीस अंशांची ऊब लागते. कॉलेजचा इनक्युबेटर दर आठवड्याला थंड पडायचा, त्यात दोन मेंदू वाया गेले. तिसरा तिने बाटलीत घट्ट बंद करून जुईनगरच्या घरी नेला. रंगही संपला होता. याही वेळी काही दिसलं नाही तर विषय बदला, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

घरात ऊब कुठे असते हे चांगुणाबाईंना विचारावं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर त्या वालाला मोड आणत. शर्मिलाने बाटली स्टीलच्या डब्यात घालून तिथेच ठेवली आणि बजावलं, "आई, याला हात लावायचा नाही." वालाचा डबा आणि हा डबा जुळे, लग्नात आलेले. दोन्हींवर टिंबाटिंबांनी कोरलेलं, 'रंगूबाई, जासई यांजकडून'. आज सकाळी लाइट गेली होती आणि स्टॅबिलायझरवर एकच डबा होता. शर्मिलाने तो उचलला, "आई, येते," म्हटलं आणि पळाली. दुसरा कुठे गेला हे विचारायचं तिला सुचलं नाही.

कॉलेजच्या ऑफिसमधून तिने घराशेजारच्या गोजराकाकींना फोन लावला आणि सासूबाईंना बोलवायला सांगितलं.

"आई, माझा डबा कुठंय?"

पलीकडून आवाज आला, "माझ्याकडं हाय. तू वरडनार काय?"

"नाही ओरडणार. रिक्षा करा नि कॉलेजला या. फक्त उघडू नका."

"तीन महिने उघडला नाय, तो आज उघडू?"

वीस मिनिटांत चांगुणाबाई हजर. भर उन्हात अंगावर शाल, शालीच्या आत डबा. सरांनी पडदे ओढले, शर्मिलाने मेंदूचे पातळ काप काढले, आणि साडेबाराला पहिला काप मायक्रोस्कोपखाली गेला.

आधी नुसता अंधार. मग थॅलॅमसचा नारिंगी गोळा. तिने काच हळूच सरकवली. गोळ्यातून बारीक धागे वर निघाले होते. ती त्यांच्यामागे गेली, वर, आणखी वर, आणि सालीच्या तळाशी एक पेशी दिसली. मग तीन. मग अख्खी रांग, दिवाळीच्या पणत्यांसारखी. वरचे थर काळोखात, खालचा थर पेटलेला. शर्मिलाला इतका आनंद झाला की तिने सासूला कमरेला धरून दोन गिरक्या घेतल्या, त्यात टेबलावरचे वाल सांडले, आणि डॉक्टर दिनानाथ ते गुडघ्यांवर बसून वेचू लागले.

मग सर मायक्रोस्कोपला चिकटले ते सुटेनात. आशुतोषनेही डोळा लावला आणि खाली टेम्पो हॉर्न वाजवत असताना त्याने पुण्याला फोन करून सांगितलं की टेम्पो अजून आलेला नाही. चांगुणाबाईंनी शेवटी बघितलं. "वालावानीच हाय की," त्या म्हणाल्या. "मोड खाली उतरलेत."

"पण शर्मिला," सरांनी विचारलं, "तुमच्याकडे लाइट सारखी जाते. मग ही ऊब टिकली कशी?"

शर्मिलाने सासूकडे बघितलं. सासू जमिनीकडे बघत होती.

"लाइट गेली की डबा गार पडायचा. ही म्हनली हात लावायचा नाय. मी हात लावलाच नाय, पदरात घ्यायची. शाल गुंडाळून पोटाशी धरून बसायची, लाइट येईपरेंत. आजपन तेच."

शर्मिलाला भरून आलं. माणसाच्या अंगाचं तापमान तिथे कोणाला सांगायला लागलं नाही.

"सर, प्रबंधात काय लिहू?"

"जे झालं ते."

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात, साधनांच्या यादीत, काप काढायच्या यंत्राखाली नोंद आहे : 'ऊब : चांगुणाबाई सिताराम जाधव, ३७ अंश.' परीक्षकांनी एकच शंका काढली. हे साधन इतर प्रयोगशाळांना मिळू शकेल काय?

शर्मिलाने उत्तरात लिहिलं, नाही.