पारध्याचं साधन

आदिवासी दिनाला शाळेनं माझ्या बाला मानानं बोलावलं. "भुजंगबाबा, पारधी समाजाचं पारंपरिक साधन सोबत आणा," असं शुभदा मॅडम स्वतः वस्तीवर येऊन सांगून गेल्या. कुणी गोड बोललं की खरंच मानायचं, ही आमची जुनी खोड.

बाजवळ आजोबांच्या हातचा एक फास होता, तातीचा, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोरीचा. शिकार केव्हाच सुटली. बाची बोटं आता थरथरतात, नवा फास विणणं होत नाही आणि वस्तीत दुसऱ्या कुणाला ती विद्या येत नाही. तितराचा पाय अडकावा पण मोडू नये, अशी ती गाठ पोरांना एकदा दाखवावी, एवढीच त्याची हौस. गंगाखेडच्या एसटीत फासाची पिशवी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नाही.

शाळेच्या फाटकावर पाहुण्यांच्या बंदोबस्ताला आलेल्या जमादारानं ती उघडायला लावली.

"कोण रे तू?"

"पारधी, साहेब."

झालं! पुढं विचारायचं काही उरलंच नाही. "शिकारीचं साधन हाय हे," म्हणत त्यानं बाला जीपमधी बसवलं. अहो, साधनच तर मागितलं होतं! मी बोलावणं सांगितलं, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

मी आत मॅडमकडं पळाले. स्टेजवर एका किराणा दुकानदाराचा पोरगा तोंडाला काळं फासून, डोक्यात कोंबडीची पिसं खोवून 'हू हू' करत नाचत होता. म्हणे पारधी नृत्य! आमच्या सात पिढ्यांत असं कुणी नाचलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बबिता, पाहुणे जाऊ देत, मग बघते," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी ठाण्यात येऊन शब्द टाकला, तेव्हा बा सुटला. फास मात्र मुद्देमाल म्हणून आतच राहिला. कोर्टातून सोडवून न्या म्हणे. कोर्टात आमचं कोण ऐकणार?

बाहेर मॅडम कानकोंड्या होऊन उभ्या होत्या. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी तुमच्या लोकांचे नुसते फोटो आणा. पोरांना बघायला भिंतीवर लावू."

"आणायचे कशाला, मॅडम?" बा म्हणाला. "आत ठाण्याच्या भिंतीवर आमच्या वस्तीतल्या समद्यांचे फोटो लावलेले हायत. पोरायलाच हितं घेऊन या."