चूक सांगायची बैठक

सोजराबाई उभी राहिली, पदरानं तोंडावरची हळद पुसली आणि म्हणाली,

"वकारभाऊ, सकाळी चक्की धुतली, पण चुंबक परत बसवायचं राहूनच गेलं माह्याकडून. तसंच दळण झालं."

उंद्रीच्या त्या मसाला कारखान्यात बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. दळणात आलेलं लोखंड ते चुंबक धरून ठेवी. चूक लपली नाही तरच माल सुधारेल, म्हणून मुकादम वकारनं दर सोमवारची ही बैठक सुरू केली होती. सांगणाऱ्याला कुणी काही म्हणणार नाही, असा शब्दही सगळ्यांसमोर दिला होता. तरी बाया नुसत्या ऐकून जात. बोलणारी सोजराबाई पहिलीच.

वकारनं माल थांबवला. सगळी हळद पुन्हा चुंबकावरून घेतली, तेव्हा एक वाकडा खिळा निघाला.

संध्याकाळी मालक भगवंतरावांनी तिला बोलावलं.

"बाई, उद्यापासून येऊ नको."

तिनं वकारकडे पाहिलं. वकार मोबाईल चाळत राहिला.

पुढच्या बैठकीत कुणाचीच चूक नव्हती. त्यानंतरही नाही. भगवंतराव खूश होते.

"पाह्यलं? एकीले काढलं, सगळ्या सुधारल्या."

मग देऊळगाव राजाच्या व्यापाऱ्यानं तिखटाची पोती परत पाठवली. मिरची ओलसरच दळली होती. वकारनं विचारलं, तेव्हा बाया खाली पाहत बसल्या. त्या दिवशी तो मालकासमोर उभा राहिला.

"तिनं सांगितलं म्हणून खिळा आपल्याले सापडला, साहेब. नाही तं गिऱ्हाइकाले सापडला असता. तिले परत घ्या. नाही तं मी बी येत नाही."

भगवंतरावांनी परत आलेल्या पोत्यांकडे पाहिलं.

"आण बाबा," ते शेवटी म्हणाले.

वकार गाडीवरून गेला, तेव्हा सोजराबाई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती.

"चला मावशी. त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं. नाही बोललो."

"जाऊ द्या. येईन की, काऊन नाही येणार?" तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला, वकारला तांब्याभर पाणी दिलं.

त्यानं गाडीला किक मारली, तशी ती वावराच्या कडेला, धुऱ्यापर्यंत आली.

"एक सांगू, भाऊ? सोमवारच्या बैठकीत मले काही इचारत जाऊ नका."

तिनं ते इतक्या मायेनं सांगितलं, की वकारला नाही म्हणता आलं नाही.