डुचमळायचा आवाज

सिलिंडर तपासायची ह्यांची रीत एकच. उचलायचा, कानाशी न्यायचा, हलवायचा. आतला कार्बन डायऑक्साइड डुचमळला तर भरलेला, नाहीतर रिकामा. आमचं सोड्याचं दुकान ह्याच रीतीवर चाललं होतं.

त्या दुपारी माझे धाकटे दीर पहिल्यांदाच एकटे जाऊन सिलिंडर भरून घेऊन आले. पत्र्याची शेड नुसती भाजत होती. ह्यांनी सिलिंडर हलवला. आवाज नाही.

"रिकामाच परत आणलास?"

"दादा, माझ्यासमोर भरला."

"मग काय, गॅस रुसून बसलाय आत? थापा मारायला बरा शिकलास!"

दिरांचा चेहरा पडला. "वेंधळा म्हण, खोटारडा म्हणू नकोस."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मध्ये पडले. "अहो, ऐका तरी! रेणूंना एकमेकांची ओढ असते. त्या ओढीनं जवळ आले की गॅसचा द्रव होतो. पाण्यात ती ओढ भारी, पावणेचारशे अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. ह्या गॅसची पकड सैल. एकतीस अंशांवर गेलं की रेणू असे उधळतात, कितीही दाबा, द्रव होतच नाही. त्यालाच क्रांतिक तापमान म्हणतात. हा सिलिंडर उन्हात त्याहून जास्त तापलाय. आत द्रवच नाही तर डुचमळणार काय? गॅस मात्र सगळा आहे. ओलं पोतं गुंडाळू, निवला की वाजेल."

"हे वर्गात सांग."

"निदान वजन करा!"

"लोखंड जडच असतं. थांब, उघडूनच दाखवतो."

देवा, ह्यांच्या कानांना तेवढा एकच आवाज कसा रे कळतो!

अंगणात नेऊन ह्यांनी झडप उघडली. कानठळ्या बसल्या. पांढरे लोट उठले, तोटीवर बर्फ साचला. हे उडी मारून मागे आले. पुन्हा पुढे होऊन झडप बंद करेपर्यंत निम्मा गॅस गेला होता. सुटता सुटता उरलेला मात्र चांगलाच निवला होता. ह्यांनी सवयीनं सिलिंडर हलवला.

डुचुक.

"अगं, वाजतोय की! मघाशी का नाही वाजला?"

"मघापासून मी काय भिंतीशी बोलत होते?"

मागे वळून पाहिलं, तर दिरांचा एप्रन खिळ्यावर लटकत होता. ते रस्त्याच्या टोकाला पोचलेसुद्धा.

गार सिलिंडर कवेत घेऊन हे रस्त्यावर धावले. भर उन्हात तो गदागदा हलवत ओरडत राहिले, "अरे, भरलेलाच होता! थांब! अरे, ऐक तरी!"