पंगतीने वाचवलेला कोळसा

मी एक जुना कोळशाचा तुकडा आहे, मित्रांनो. नाकं मुरडू नका! मी काही चुलीतला नव्हे. नारळाच्या करवंटीपासून भिलाईच्या एका प्रयोगशाळेत तयार झालो. माझं अंग खडबडीत आणि आत नुसती भोकंच भोकं. धुराड्यातून निघणारा वायू त्या भोकांत येऊन चिकटतो. तेच माझं काम.

तो किती वेगाने चिकटेल, याचं गणित समृद्धी मांडत होती. तिची पीएचडी त्यावरच अडली होती. मला काट्यावर ठेवून वायू सोडला, की माझं वजन आधी भराभर वाढे, मग अगदी रेंगाळत. तिचं गणित मात्र म्हणे, मी लवकरच भरून मोकळा होईन! सर म्हणाले, "आता जुळलं नाही, तर विषय बदला." इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. तिने खापर फोडलं माझ्यावर. "हा तुकडाच खराब आहे," म्हणाली. पण फेकायला जीव होईना, म्हणून डबीत घालून स्मृती नगरच्या घरी आणलं आणि ओट्यावर ठेवून विसरली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरी गजानन महाराजांचा प्रकटदिन. अंगणात झुणका-भाकरीची पंगत. धुपाटण्यातला विस्तव विझत आला, तशी तिच्या आईने, कांताबाईंनी, मला उचललं. झालं, संपलो मी! त्या मला घेऊन अंगणात आल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "बसा नं जी! जागा तं भलतीच आहे!"

जागा होती, पण आंब्याखालची सावली लोकांनी केव्हाच पटकावली होती. उरली ती उन्हातली, नळाजवळच्या चिखलातली. तिथे एखादा यायचा, घुटमळायचा, मग नाइलाजाने टेकायचा. भाकरी वाढता वाढता समृद्धी थबकली. तिने गणितात माझ्या भोकांतल्या सगळ्या जागा सारख्याच धरल्या होत्या!

"आई, रुक! त्याले जाळू नको!"

"अवो, कोळसाच तं आहे!"

"तो बरोबर आहे, आई. मीच चुकून राहिली होती!"

तिने मला अक्षरशः हिसकावून घेतलं. मग सोप्या जागा वेगळ्या, अवघड जागा वेगळ्या धरून गणित पुन्हा मांडलं. पडद्यावर माझ्या वजनाची आणि तिच्या गणिताची, अशा दोन्ही रेषा एकमेकींवर चपखल बसल्या. समृद्धी "हुश्श" करून खुर्चीत मागे रेलली. माझाही जीव भांड्यात पडला.

आता मी त्याच डबीत तिच्या टेबलावर असतो. कांताबाई येता-जाता बजावतात, "झाकण लाव वो, घरातला सगळा वास पिऊन घेईन तो!"

मित्रांनो, कोणी तुमच्या गणितात बसलं नाही, तर त्याला विस्तवावर ठेवण्याआधी आपलं गणित एकदा तपासा. मी थोडक्यात वाचलो. सगळेच वाचत नाहीत.