लांबूचा पाय

इमू हा पक्षी देवानं रागाच्या भरात केला असावा, असं माझं मत आहे. त्याला उडता येत नाही, गाता येत नाही, आणि लाथ मारतो ती बैलापेक्षा जोरात. तरी आमच्या वडनेर भोलजीत एके काळी सात घरी इमू होते. अंडी, तेल, मांस, सगळं परत विकत घेऊ म्हणणारी कंपनी एक दिवस ऑफिसला कुलूप लावून गेली आणि पक्षी आमच्या गळ्यात पडले. बाकीच्यांनी सोडून दिले, नाहीतर कापले. माझ्याकडचे दोन तेवढे राहिले, ते बायकोमुळे.

"पाळलेला जीव हाय, आपल्या दारात मरू द्या त्याले," रुखमाबाई म्हणाली आणि माझा हात आपल्या गळ्यातल्या माळेवर ठेवून तिनं मला शपथ घ्यायला लावली. आम्ही दोघंही माळकरी. मी शपथ घेतली. इमू किती वर्षं जगतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

थोरल्याचं नाव तिनं लांबू ठेवलं होतं. फाटकात अडकून त्याच्या डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं झालं, तेव्हा ती महिनाभर त्याला हळद-तेल लावत होती. लाथा सगळ्या माझ्या वाट्याला. तिला त्यानं कधी पाय उगारला नाही.

दोन हजार पंधरा सालच्या मे महिन्यात अब्दुल गनीच्या मुलीचं लग्न निघालं. गनीचं स्टँडवर पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे. माझी विहिरीवरची मोटार जळाली की तो हातातला घास टाकून येतो. वरात खामगावहून यायची होती, आणि त्याच मार्चात बैलाचं मांससुद्धा (गनीच्या भाषेत 'बडेचं') बंद करणारा कायदा झाला होता. तीनशे माणसांना बकऱ्याचं खाऊ घालणं गनीच्या आवाक्यातलं नव्हतं.

"कोंबडी कर ना," मी म्हणालो.

"त्यायले बडेच्या दालच्याची सवय हाय, किसनभाऊ. कोंबडी पाहून नाक मुरडतीन. पोरीले जलमभर आयकावं लागन." मग खाली पाहत तो म्हणाला, "तुमचे ते दोन पक्षी... लालच गोश्त असते म्हणे त्याचं."

"रुखमाले समजलं तं मले घरात घेनार नाई."

"तुमचं नाव ह्या तोंडातून निघनार नाई. जबान देतो."

खरं सांगायचं तर मला ते पक्षी नकोच होते. मी हो म्हणालो.

रुखमा चार दिवसांसाठी जानेफळला भावाकडे गेली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिला फोनवर सांगितलं की नागपूरकडच्या एका बागेची माणसं आली आणि दोन्ही पक्षी घेऊन गेली. तिथं लहान लहान लेकरं त्यांना पाहायला येतात. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "लांबूच्या बोटाचं सांगतलं का त्यायले? थंडीत दुखते त्याले."

"सांगतलं," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी पहाटे सईद खाटीक माझ्या वावरात आला. एवढ्या लांब मानेचं जनावर उंटासारखं कापायचं की कोंबडीसारखं, हे त्यानं मौलानांना फोन करून विचारून घेतलं होतं. मी विहिरीकडे तोंड करून उभा राहिलो. काम झाल्यावर सईदनं पिसं, कातडं, पाय, आतडी, सगळं बांधावर खड्डा करून पुरलं, जमीन धुतली, वर माती ओढली. त्याच्या बापापासूनची ती रीत. शेजाऱ्याच्या डोळ्याला रक्ताचा थेंब दिसू द्यायचा नाही. मला तेव्हा ती रीत फार आवडली.

गनीच्या घरामागे दोन चुली होत्या. एका मांडवात आम्हा माळकऱ्यांसाठी वांग्याची भाजी, वरण आणि पोळ्या. तिथली देखरेख माझ्याकडे होती. पलीकडच्या मांडवात चांदबी. पंचवीस वर्षं लग्नाचा स्वयंपाक करणारी बाई, पण परातीतलं मांस पाहून तीही दचकली. काळपट लाल, आणि चरबीचा टिपूस नाही.

"परिंदा है बोलते, लेकिन दिखता तो हूबहू बडे का," ती म्हणाली. मांस लवकर शिजावं म्हणून सवयीनं तिनं थोड्या तुकड्यांना कच्ची पपई चोळली, तर त्यांचा पार लगदा झाला. मग पपई बाजूला ठेवली, तेल दुप्पट घातलं, दालच्याची डाळ आणि दुधी आधी शिजवून घेतले आणि मांस शेवटी सोडलं. चमच्यावर फुंकर घालून तिनं चव घेतली.

"कोई नहीं पहचानेगा," ती गनीला म्हणाली. गनी आठ दिवसांत पहिल्यांदा हसला.

साडेअकराला पोलिसांची गाडी आली.

फोन कोणी केला ते मला अजून माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. जमादारानं डेगचीवरचं झाकण काढायला लावलं, आत पाहिलं आणि विचारलं, "काय आहे हे?"

"पक्षी हाय साहेब. इमू."

"पक्षी? असा? पिसं दाखव. पाय दाखव."

"पुरलं साहेब समदं," सईद म्हणाला.

"कुठे पुरलं?"

सईदनं गनीकडे पाहिलं. गनीनं माझ्याकडे. एवढंसंच, पापणी लवायच्या आत नजर वळवून तो झाकणाकडे पाहायला लागला.

"पक्षी कोणाचा होता?"

गनीनं झाकण उचलून डेगचीवर ठेवलं.

"मग चला स्टेशनला. नमुना तपासायला जाईल. रिपोर्ट येईपर्यंत जेवणाला हात लावायचा नाही."

तेवढ्यात गनीचा मोबाइल वाजला. वरात नांदुऱ्याच्या पुढे आली होती. आतून बायकांची गाणी ऐकू येत होती. ती एकेक करून थांबली. दारात गनीची बायको जहांआरा उभी होती, हातभर मेंदी लावलेली.

मी दहा पावलांवर होतो. 'माझा पक्षी, माझ्या वावरात पुरलाय,' एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या शेजारी पंजाबराव उभे होते, वामनराव होते, सप्ताहाची सगळी मंडळी होती. माळकऱ्यानं जीव कापायला दिला, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आणि रुखमा एकच्या गाडीनं येणार होती. शिपायानं गनीच्या दंडाला धरलं, आणि मी वरणाची बादली दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"थांबा," मागून आवाज आला.

रुखमा होती. लवकरच्या गाडीनं आली होती. खांद्याला पिशवी तशीच; मागं उभं राहून तिनं सगळं ऐकलं असावं. आमचं घर वावरातच आहे, म्हणजे ती आधी तिथं गेली होती. तिनं पदराखालून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि जमादारापुढं उघडली. मातीनं माखलेला एक लांब पाय. तीन बोटं, मधलं वाकडं.

"कुत्र्यानं उकरून काढला. पाहा साहेब, बैलाले अशी बोटं असतेत का?"

जमादार वाकून पाहत राहिला. "कोणाचा हा?"

"आमचा. लांबू नाव त्याचं. गनीभाऊची पोर आमच्या अंगाखांद्यावर वाढली, तिच्या लग्नाले मीनं देल्ला."

पंजाबराव तिच्या गळ्यातल्या माळेकडे पाहायला लागले. मी तेव्हा तरी पुढं व्हायला हवं होतं. झालो नाही. याची मला आजही लाज वाटते, आणि लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

जमादारानं तिची सही घेतली, डेगचीतला नमुना डब्यात भरला, दुसऱ्या शिपायाला वावरात खड्डा पाहायला पाठवलं. तो पिसांची मूठ घेऊन परत आला, तेव्हा त्यांनी गनीचा हात सोडला. "आधीच का नाही सांगितलं?"

"जबान देल्ली व्हती साहेब," गनी म्हणाला. तो कोणाकडेच पाहत नव्हता.

वरात आली, निकाह झाला. खामगावच्या पाहुण्यांनी दालचा दोन दोनदा मागून घेतला. आमच्या मांडवात पंगत बसली आणि मी वरण वाढायला निघालो. रुखमा बायकांच्या ओळीत शेवटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती.

मी तिच्या पत्रावळीपाशी वाकलो. तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्या बोटाचं सांगतलं व्हतं म्हणे तुमी," ती हळूच म्हणाली. "कोणाले?"